पट्टा हक्काचा, तसा दाखलाही हक्काचा



आपल्या पत्रकात आपण दाव्यांबद्दल लिहितो, फेटाळलेल्या दाव्यांच्या अपिलाबद्दल लिहितो, सामूहिक हक्काबद्दल लिहितो. या वेळी आम्ही अशा गोष्टीबद्दल लिहितो आहोत जी आपल्या बैठकीत कधी विषय म्हणून आलीच नाही. आपल्याच घरातल्या, आपल्याच वळचणीला बसून राहिलेल्या माणसांची ही गोष्ट आहे.

आम्ही काही पोरं-पोरी कामासाठी, शिकण्यासाठी पुणे शहरात राहतो. गावाकडून कोणी दवाखान्याला आलं की पहिला फोन आम्हाला येतो. एसटी स्टँडवरून आणायचं, केसपेपर काढायचा, रांगेत थांबायचं. भीमाशंकरच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचे काका असेच आले. हिरडा काढताना झाडावरून पडले, त्याला आठ वर्षं झाली. मांडीचं हाड वाकडं जुळलं, पाय आखूड झाला. रांगेत बसल्या-बसल्या त्यांनी विचारलं, "पोरांनो, मला सरकारचं काय मिळंल का?"

आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही. वनहक्क कायदा २००६ चा, कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे, हे आम्ही झोपेतही सांगू. पण या काकांचा हक्क कोणत्या कायद्यात लिहिलाय ते ठाऊक नव्हतं. लाज वाटली. मग आम्ही माहिती काढली, कचेऱ्यांत विचारलं, काकांबरोबर फिरलो. त्यातून जे कळलं ते सांगतो आणि आमचं मतही मांडतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गावात म्हणतात, "त्याला दाखला मिळाला, आता पगार सुरू होईल." तसं नाही. दाखला वेगळा आणि पगार वेगळा. दाखला म्हणजे तुमच्या शरीराला किंवा मनाला काय अडचण आहे आणि ती किती टक्के आहे, हे सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलेलं. पगार म्हणजे त्या दाखल्यावर एखाद्या योजनेत मिळणारे पैसे, आणि प्रत्येक योजनेच्या आपल्या अटी असतात. दाव्याची पावती म्हणजे पट्टा नव्हे, हे आपण अनुभवातून शिकलो. इथंही तसंच आहे.

कायदा आहे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९५ चा कायदा होता. त्यात ७ प्रकार होते, आता २१ आहेत. न दिसणं, कमी दिसणं, ऐकू न येणं, बोलता न येणं, हातापायाचं अपंगत्व, कुष्ठरोगातून बरं झालेले, बुटकेपणा, मतिमंदत्व, मानसिक आजार, सेरेब्रल पाल्सी, ॲसिड हल्ल्यातले पीडित, पार्किन्सन, असे. आपल्या लोकांच्या दृष्टीने त्या यादीतला सर्वांत मोठा शब्द आहे सिकलसेल. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही त्यात आहेत.

अक्कलकुवा-धडगावच्या भिल्ल-पावरा पाड्यांत आणि गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत सिकलसेल घराघरात माहीत आहे. अंग दुखून येतं, सांधे सुजतात, पोर शाळेतून घरी येतं, रक्त चढवावं लागतं. बाहेरून बघितलं तर हातपाय धड दिसतात, म्हणून लोक म्हणतात आळशी आहे, कामचोर आहे. कायदा म्हणतो की हे अपंगत्व आहे. ज्याला "एसएस" म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष आजार आहे, तो दाखल्यासाठी अर्ज करू शकतो. किती टक्के ते त्याचा त्रास बघून ठरतं. ज्याला "एएस" म्हणतात तो फक्त वाहक असतो, त्याला दाखला मिळत नाही आणि त्याने घाबरायचंही कारण नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणाला मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून लग्नाआधी रक्त तपासायचं. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. रक्त तपासून कागद हातात देतात. आमचं म्हणणं असं की ज्याचा कागद "एसएस" आला त्याला तिथंच दाखल्याचा अर्जही भरून द्या. रोग सांगायचा आणि हक्क सांगायचा नाही, हे कसलं निर्मूलन?

आता टक्क्यांचं. कायद्यात रेषा ४० टक्क्यांवर मारली आहे. ४० किंवा जास्त असेल तर नोकरीतलं ४ टक्के आरक्षण, उच्च शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण, पगाराच्या योजना, ही दारं उघडतात. दाखल्याबरोबर यूडीआयडी नावाचं कार्ड मिळतं. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या मधलं पिवळं, ८० आणि वर निळं. हे कार्ड देशभर चालतं. ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्यात बांधकामावर गेलात तरी चालतं.

अर्ज ऑनलाइन करायचा असतो. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. जुने केसपेपर, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद बरोबर न्यायचे. आपले कागद चुलीवरच्या फळीवर धुराने काळे होतात, नाहीतर पावसात जातात. पट्ट्याचा कागद जसा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवता तसेच हे पण ठेवा. या अर्जाला फी नाही. कोणी "साहेबाला द्यावे लागतात, टक्के वाढवून देतो" म्हणाला तर त्याचं नाव संघटनेला कळवा. दाखला हातात आला की कायमचा आहे की मुदतीचा आहे ते वाचून घ्या. मुदत संपली की पगारही थांबतो.

दाखल्यानंतर पगार. आपल्या राज्यात मुख्य योजना संजय गांधी निराधार अनुदान योजना. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त, वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत. बाकीच्या निराधारांना ही मर्यादा २१ हजार आहे, दिव्यांगांना ५० हजार. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण टेबलावरचा माणूस कधी कधी २१ हजारच सांगतो आणि परत पाठवतो. अर्ज तहसील कचेरीत. दिव्यांगाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. जुलै २०२३ पासून महिन्याला १५०० रुपये होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी ते २५०० करायचं ठरवलं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा विसरू नका. ज्यांचं अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त आहे आणि जे दारिद्र्यरेषेखाली आहेत त्यांच्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना आहे. दोन्हींचा अर्ज तहसीललाच विचारायचा.

एवढं सगळं कागदावर चांगलं आहे. मग अडतं कुठं?

काकांचंच सांगतो. त्यांना तीन खेपा माराव्या लागल्या. पहिल्या खेपेला दाखल्याचा वार वेगळा निघाला. दुसऱ्या खेपेला हाडाचे डॉक्टर रजेवर. प्रत्येक वेळी काका आणि बरोबर काकी, दोघांचं भाडं आणि दोघांची बुडालेली मजुरी. तिसऱ्या खेपेला तपासणी झाली. कागद आला ३५ टक्क्यांचा. काकांनी आकडा आमच्याकडून वाचून घेतला आणि म्हणाले, "म्हंजी पाच कमी पडले व्हय? आन् पाच कुठून आणू?"

ते कोणत्या दवाखान्यात घडलं ते इथं लिहीत नाही, कारण हा एका दवाखान्याचा किंवा एका डॉक्टरचा प्रश्न नाही. डॉक्टरांनी तक्त्याप्रमाणे मोजलं. सांधा किती वाकतो, पाय किती आखूड आहे, ताकद किती उरली. पण तक्ता हे विचारत नाही की हा माणूस राहतो कुठं आणि कमावतो कशावर. पुण्यात सपाट रस्ता, रिक्षा, लिफ्ट, बसून करायचं काम. तिथं ३५ टक्के म्हणजे ३५ टक्के असतील. आमच्या काकांना पाण्याला उतरायचं तर ओढा, शेतात जायचं तर चढ, रेशनला जायचं तर दोन तास पायवाट. झाडावर चढता येत नाही म्हणजे हिरडा गेला, ओझं उचलता येत नाही म्हणजे लाकूडफाटा गेला, चिखलात पाय धरत नाही म्हणजे भातलावणी गेली. त्यांचं शंभर टक्के काम गेलंय. दवाखान्याने पाय मोजला, डोंगर मोजला नाही.

म्हणून आमचं पहिलं मत हे, की टक्के ठरवताना माणसाचं काम आणि राहण्याची जागा विचारात घेतली पाहिजे. वनहक्काच्या दाव्यात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. नियम बनवणाऱ्यांना मान्य करावं लागलं की गावाला जे ठाऊक आहे ते कचेरीला ठाऊक नसतं. मग माणूस काय करू शकतो आणि काय नाही, हे सांगायला ग्रामसभेचा ठराव का चालू नये? डॉक्टरांचं काम डॉक्टर करतील, ते आम्ही काढून घेत नाही. त्याच्या जोडीला ग्रामसभेचा कागद लावा, एवढंच मागतो.

दुसरी गोष्ट, टक्के मान्य नसतील तर गप्प बसायचं नाही. या कायद्याच्या कलम ५९ मध्ये अपिलाची सोय आहे. दावा फेटाळला की आपण उपविभागीय समितीकडून जिल्हा समितीकडे जातो, तसंच हे. आम्ही काकांचं अपील लिहिलं आहे. निकाल काय येईल ते पुढच्या अंकात कळवू.

आता कोणी म्हणेल, दाखल्यात खोटेपणा फार चालतो, म्हणून सरकार कडक झालं. हे खरं आहे, आणि हे पुण्यातच गाजलं. २०२४ साली इथं प्रशिक्षणावर असलेल्या एका सनदी अधिकारी बाईंच्या दिव्यांग आणि ओबीसी दाखल्यांवरून गदारोळ झाला. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. त्यांनी आरोप नाकारले आहेत, खरं-खोटं कोर्ट बघेल. आम्हाला एवढंच म्हणायचंय की वरच्या खुर्चीतल्या माणसावर संशय आला की चाळणी खालच्या माणसासाठी बारीक होते. ज्याच्याकडे ओळख आहे, पैसा आहे, तो कुठूनही वाट काढतो. ज्याच्याकडे एसटीचं भाडं नाही तो चाळणीत अडकतो. खोटे दाखले शोधा, आमची ना नाही. पण खरा माणूस दाखल्याशिवाय राहिला, तर तोही तेवढाच मोठा खोटेपणा आहे. त्याचा शोध कोण घेणार?

पुण्यात राहून आणखी एक गोष्ट दिसली. राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांची कचेरी पुण्यात आहे, चर्च रोडला. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही पुण्यातच आहे, क्वीन्स गार्डनला. दोन्ही शहराच्या एकाच भागात, एकमेकींपासून फार लांब नाहीत. एका कचेरीत आपला माणूस दिव्यांग, दुसऱ्या कचेरीत आदिवासी. पण जो दोन्ही आहे तो कुणाच्या टेबलावर आहे? डोंगरावरच्या पाड्यातली आंधळी बाई, आश्रमशाळेतून परत पाठवलेलं मुकं पोर, सिकलसेलची मुलगी. या दोन कचेऱ्यांनी एकत्र बसून आदिवासी भागासाठी दाखल्याची शिबिरं लावावीत, अशी आमची मागणी आहे. माणसाला डोंगर उतरवून आणण्यापेक्षा डॉक्टरला ग्रामीण रुग्णालयापर्यंत, आश्रमशाळेपर्यंत पाठवणं सोपं आहे. ज्याला चालता येत नाही त्याला चालता येत नाही हे सिद्ध करायला तीन वेळा चालायला लावू नका.

सरकारला बोललो. आता थोडं आपल्याला बोलतो. राग मानू नका.

आपण जीपीएस घेऊन प्लॉट मोजायला गेलो तेव्हा ज्यांना चालता येत नव्हतं ते घरी राहिले. मोर्च्याला निघालो तेव्हा म्हणालो, "तू कुठं येतोस, बस घरी." आणि दावे भरले तेव्हा काही घरांत अपंग भावाचं, मुक्या बहिणीचं नाव गळालं. "तो काय कसणार?" असं म्हणून. हे आम्ही आमच्याच घरांत पाहिलंय. कायदा असं कुठं म्हणत नाही की ज्याचे दोन हात धड त्याचीच जमीन. बापाने कसलेल्या जमिनीवर पाय गेलेल्या मुलाचाही हक्क आहे. वनखात्याने आपल्याला म्हटलं, "तुम्ही अतिक्रमणवाले, तुमचं काय इथं?" तेव्हा आपलं रक्त उसळलं. आपल्याच भावाला आपण तेच म्हटलं.

शिवाय २०१६ च्या कायद्यात जमिनीची गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. कलम ३७ प्रमाणे शेतजमीन आणि घरं वाटण्याच्या योजनांत ४० टक्के व वरच्या दिव्यांगांना ५ टक्के आरक्षण आहे, त्यात बायकांना प्राधान्य. वनपट्टा हे वाटप नाही, तो आपला आधीपासूनचा हक्क मान्य करणं आहे, त्यामुळे तिथं हे टक्के लागत नाहीत. पण घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचतात तेव्हा विचारा, यात दिव्यांग किती? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. हा पैसा पेसाच्या ५ टक्के अबंध निधीपेक्षा वेगळा आहे, दोन्हींची गल्लत करू देऊ नका. पंचायत गरीब असेल, रक्कम थोडी असेल, पण हिशेब मागायला काय हरकत? एसटीतही ४० टक्क्यांच्या वरच्या दिव्यांगांना भाड्यात सवलत आहे आणि सिकलसेलच्या रुग्णाला साध्या गाडीत तिकीट माफ आहे. कागद बरोबर ठेवा.

काही जुने कार्यकर्ते आम्हाला म्हणाले, "आपली संघटना जमिनीची. पगाराच्या मागं लागली तर माणसं सरकारची मिंधी होतील." आम्ही त्यांचा मान ठेवून वेगळं मत मांडतो. मिंधा कोण होतो? ज्याला हक्क ठाऊक नसतो तो. त्याला कुणी पुढारी मतांच्या आधी अर्ज भरून देतो आणि आयुष्यभर उपकार सांगतो. ज्याला कायदा ठाऊक आहे, जो अपील करतो, तो मिंधा होत नाही. पट्टा मागताना आपण कुणापुढं हात पसरला नाही, दावा केला. दाखलाही तसाच मागायचा. आणि "दिव्यांग" हा मोठा शब्द वापरून सरकारने मान दिला म्हणतात, पण गावात अजून लंगड्या, मुक्या, येडी अशाच हाका मारतात. माणसाला त्याच्या नावाने हाक मारण्यापासून आपण सुरुवात करू शकतो. त्याला तर जीआर लागत नाही.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत एवढं करा.

एक, एका वहीत नावं लिहा. पाड्यात कोणाला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही, कोण मनाने आजारी आहे, कोणाला सिकलसेल आहे. घरात लपवून ठेवलेल्या पोरांची नावंही लिहा, पण घरच्यांना विश्वासात घेऊन.

दोन, प्रत्येक नावापुढे लिहा: दाखला आहे का, किती टक्के, मुदत कधीपर्यंत, पगार चालू आहे का, दाव्यात नाव आहे का.

तीन, अर्ज करायला एकेकट्याला पाठवू नका. पाच-सात जण मिळून जा, बरोबर एक लिहिता-वाचता येणारा द्या. जाण्याआधी दाखल्याचा वार फोन करून विचारा.

चार, शिबिराची मागणी करणारा ठराव करा आणि त्याची एक प्रत आम्हाला पाठवा. पुण्यातल्या दोन्ही कचेऱ्यांत नेऊन देण्याचं आणि पोच घेण्याचं काम आमचं.

पाच, पुढच्या मोर्च्याला त्यांनाही घेऊन या. ट्रॅक्टरमध्ये बसवून आणा, खांद्यावर आणा. घोषणा त्यांनाही देता येतात.

काका परवा गावाला गेले. ३५ टक्क्यांचा कागद आणि अपिलाची पोच त्यांनी पट्ट्याच्या पिशवीत ठेवली. जाताना म्हणाले, "पट्ट्याला बारा वरसं लागली. ह्याला बी लागू द्या, पर सोडायचं नाय." आम्हीही तेच म्हणतो. मात्र बारा वर्षं लागू द्यायची नाहीत.

जल-जंगल-जमीन आपली! दाखल्याचा हक्कही आपला!

जोहार. जिंदाबाद.

पुण्यात राहणारे तुमचे पोरं-पोरी